बाहुलीची नथ फिल्टर खातो! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोटोग्राफी विभागात हा माझा पहिलाच धागा. असा धागा आधी निघाला असेल तर सांगा, हा उडवते.

माझ्या आजीने (आईची आई, मुक्काम पंचवटी) चैत्रगौरीच्या आरासीसाठी वर्षानुवर्षं कापडी बाहुल्या केल्या. वाटत वाटत आता १४ उरल्यात. प्रत्येक साधारण १० इंच उंच. आत तार, तारेभोवती मलमलीच्या चिंध्या, तोंडावर ताणून बसवलेलं सुती कापड आणि त्यावर धाग्याने भरलेले नाकडोळे. नऊवारी शिवलेली नाही बरं का, काष्टा घालून नेसवलेली आहे. पदर येवल्याच्या पैठणीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे. आणि प्रत्येकीच्या नाकात नथ. जेमतेम ५ मिलिमीटरची. बारीक तारेत ओवलेले सहा-सात पांढरे मोती, मध्ये एक लाल मणी. आजी म्हणते, बाहुलीला चार दिवस आणि नथीला एक अख्खी दुपार.

दिवाळीनंतर आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. माझ्या डोक्यात असं आहे की बाहुल्यांना पोझ देऊन फोटो काढायचे आणि फिल्टर लावून ते तिच्या माजघरातल्या जुन्या तसबिरींसारखे करायचे. त्या रविवर्मा छापाच्या लक्ष्मी-सरस्वती असतात ना, तशा. मग ८ बाय १२ इंचाच्या १२ प्रिंट. एक बाहुली जात्यावर, एक तुळशीला पाणी घालताना, दोघी फुगडी घालताना. (ही फुगडी उभी करायला दोन तास आणि अर्धं पाकीट टाचण्या लागल्या. एकीला सरळ केलं की दुसरी मान टाकते.)

आता रडगाणं.

१. एका बोटात पेंटिंग करून देणारं मोबाइल अॅप वापरलं. साडी सुरेख येते, भांडी सुरेख येतात, पण नथ गायब. नाकाखाली करडा डाग उरतो. भावाने बघून विचारलं, "हिला चामखीळ आहे का?"

२. मग एक एआयवालं वापरून पाहिलं. त्याने बाहुलीची सरळ मुलगीच करून टाकली. गोरीपान, सहावारीत, एका हाताला सहा बोटं. आजीला दाखवलं तर म्हणाली, "ही कोण?" तो नाद सोडला.

३. जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी पहाटे गोदाघाटावर नेऊन काही फोटो काढले. मागे नारोशंकराचं देऊळ येईल असे. घरी येऊन पाहते तर बाई ओळखीच्या वाटतच नाहीत, डोकं मोठं, पाय चिमुकले, मागचं देऊळ धुरकट. शिवाय एक बाहुली दुतोंड्या मारुतीसमोर पाण्यात पडता पडता वाचली, ती गोष्ट वेगळी.

४. एका ठिकाणी नमुन्याला प्रिंट काढली. काळीठिक्कर आली, आणि "तुमचा फोटोच तसा आहे" असं ऐकून घ्यावं लागलं.

माझ्याकडे साधा १२ मेगापिक्सेलचा फोन आणि जुना लॅपटॉप आहे. दरमहा पैसे भरायचं सॉफ्टवेअर नको. गिंप (फोटोवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर) उतरवून घेतलंय, पण उघडलं की घाबरायला होतं. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

– चैत्रांगण


आलं लिंबू:
फुगडीचा फोटो टाका आधी! बाकी चामखीळवाल्या भावाला एक बाहुली करायला बसवा, मग कळेल.


बुटका ट्रायपॉड:
चैत्रांगण ताई, तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण फोटो चुकला तर फिल्टर लावून ती चूक जास्तच दिसते.

डोकं मोठं येतंय कारण तुम्ही फोन बाहुलीच्या तोंडाजवळ नेताय. जे जवळ ते मोठं, आणि १० इंची बाईच्या बाबतीत डोकं आणि पाय यांच्या अंतरातला फरक लगेच दिसतो. जरा मागे सरका, फोनला २एक्स (दुप्पट झूम) असेल तर तो वापरा, नसेल तर नंतर थोडंच कापा, फार कापलं तर नथीचे पिक्सेल जातात. फोन बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. मी जमिनीवर पालथा पडून काढतो. बायको शेजाऱ्यांना सांगते, पाठीचा व्यायाम करतायत.

देऊळ धुरकट आलं कारण पोर्ट्रेट मोड चालू होता, पैज लावतो. तो बंद करा. एक तर तो पदराच्या कडा आणि केस कुरतडतो. दुसरं म्हणजे मागचं सगळं पुसट झालं की बघणाऱ्याला आपोआप कळतं, ही वस्तू लहान आहे. खऱ्या शहराचे फोटो वरखाली पुसट करून लोक ते खेळण्यातल्या गावासारखे करतात, ते याच युक्तीवर. तुम्हाला उलटं हवंय. मागचं जितकं स्वच्छ, तितकी बाहुली मोठी वाटेल.

आता घाटावर मात्र जाऊ नका. गंगापूर धरणाचं पाणी सोडलं की पायऱ्याच राहत नाहीत. आणि गरजही नाही. श्रावणातल्या ढगाळ दुपारी खिडकीशी येणारा मऊ उजेड कुठल्याही दिव्यापेक्षा चांगला. ऊन आलंच तर काचेवर बटर पेपर चिकटवा. मोत्यांवर आणि जरीवर पांढरे फटाके उडाले की फिल्टर त्यांना वेगळा आकार समजतो आणि साडीवर कोड फुटल्यासारखं दिसतं.


चैत्रांगण:
पोर्ट्रेट मोडच होता! 🙏 पण नथीचं काय?


बुटका ट्रायपॉड:
नथीचं गणित करू. बाहुली १० इंच म्हणजे २५० मिलिमीटर. ४००० पिक्सेल उंचीच्या फोटोत तिने ३५०० पिक्सेल व्यापले, तर दर मिलिमीटरला १४ पिक्सेल. म्हणजे नथ ७० पिक्सेल आणि मिलिमीटरभराचा मोती १४ पिक्सेल. तुमच्या अॅपने फोटो आकसून १०८० पिक्सेल उंचीचा केला असेल तर नथ १९ पिक्सेल आणि मोती चारच्या आत. आता तुम्हीच सांगा, त्यातून काय वाचणार?

दुसरं, हे पेंटिंगवाले फिल्टर मुळात बरेचसे साफसफाईवाले आहेत. कुवाहारा नावाचा एक आहे, १९७६ चा, जपानमधला. तो हृदयाच्या तपासणीतल्या चित्रांवर येणारा खरखरीतपणा घालवायला केला होता. प्रत्येक ठिपक्याभोवतीचे चार चौकोन बघायचे, ज्यात रंग सगळ्यात सारखा त्याची सरासरी घ्यायची. कडा टिकतात, आतलं सपाट होतं, आणि ते रंगाच्या फटकाऱ्यासारखं दिसतं. मीडियन फिल्टरचंही तेच, तो तर एकटेदुकटे पांढरे ठिपके वेचून काढण्यात पटाईत. आता काळसर नाकाखाली पांढरा मोती म्हणजे त्याच्या लेखी काय? धूळ. तो इमानेइतबारे झाडून काढतो.

म्हणून गिंपमध्ये मूळ पूर्ण आकाराचा फोटो उघडा, त्या लेयरची (थराची) एक प्रत करा, फिल्टर फक्त वरच्या प्रतीवर लावा. मग वरच्या लेयरला पांढरा लेयर मास्क (थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) लावा आणि मऊ काळ्या ब्रशने मास्कवर नथ, डोळे आणि बोटं रंगवा. तिथे खालचा मूळ फोटो दिसायला लागेल. काळा पूर्ण नको, ६०-७० टक्के अपारदर्शक ठेवा, नाहीतर पेंटिंगच्या तोंडावर फोटोतली नथ चिकटवल्यासारखी दिसते. चित्रकारसुद्धा मागची भिंत मोठ्या ब्रशने उरकतो आणि नाकडोळ्यांना बारीक ब्रश घेतो. अॅपकडे एकच ब्रश असतो.

फोटो स्वतःला व्हॉट्सअॅपवर पाठवून लॅपटॉपवर घेत असाल तर तेही थांबवा. केबल लावा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.


जुना प्रोसेसवाला:
छपाईत आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द.

ताई, तुम्ही तसबीर म्हणताय रविवर्मा छापाची आणि फिल्टर शोधताय ऑइल पेंटिंगचा. माजघरात जा आणि तसबिरीला नाक लावून बघा. ब्रशचा फटकारा एकही दिसणार नाही. ते तैलचित्र नव्हे, तैलचित्राचा छाप आहे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, दगडावर हाताने बारीक ठिपके देऊन उजेड-सावली उतरवायची, आणि एकावर एक रंग छापत जायचं. रविवर्मांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी तिथल्या कामात होते, हे नाशिककरांना सांगायला नको.

तेव्हा ऑइलिफाय (गिंपमधला ऑइल पेंटिंगचा फिल्टर) बिलिफाय बंद. मीडियन ब्लर अगदी हलका, दोन-तीन पिक्सेलचा, गाल आणि भिंतीपुरता. त्यावर बारीक दाणा टाका. काळा रंग पूर्ण काळा राहू देऊ नका, जरा तपकिरीकडे वळवा. पांढऱ्याला साय चढल्यासारखा पिवळा. तुमच्या आजीने बघितलेला रंग तो आहे. एवढा हलका फिल्टर असला की नथीवर फार मास्कही घालायला लागणार नाही.

प्रिंट काळी आली ते दुकानाचं खापर नाही, तुमचंही नाही. लॅपटॉपचा पडदा मागून उजेड फेकतो, कागद फेकत नाही. पडद्याचा उजेड निम्मा करा, मग चित्र उजळा. आधी एकाच ४ बाय ६ च्या कागदावर तीन उजळपणाच्या पट्ट्या छापून घ्या. ८ बाय १२ ला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, ते तुमच्या फोनमध्ये आहेत. बाहुलीभोवती फार मोकळं सोडू नका म्हणजे झालं. कागद मॅट घ्या, चकचकीत नको.

आणि एक. जुन्या लोकांना छापील देवी पुरत नसे. घरोघरी तसबिरीवर खरी जर, टिकल्या, कापड चिकटवून देवीला साडीदागिने घालत. तुम्ही नथ संगणकातच वाचवायच्या मागे का लागलाय?


गवती चहा:
वरच्या शेवटच्या ओळीला +१००. कॅनव्हास प्रिंट काढा आणि सुईने खरे मोती टाचा. फोटोपेपरवर करू नका, सुईचं भोक पांढरं फाटतं (स्वानुभव, लेकीचा प्रोजेक्ट, रात्री साडेअकरा).
अजून एक खुसपट: पैठणीच्या पदरावरचा मोर बाहुलीच्या डोक्याएवढा दिसतोय का? मग फोटोत पदर मागे टाका, काठच दिसू दे. काठाची बारीक नक्षी तिच्या मापाची वाटते.


चैत्रांगण:
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

जात्यावरचीचा फोटो परत काढला. स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीपाशी, मी फरशीवर पालथी, पोर्ट्रेट मोड बंद. गिंपमध्ये मास्क दोनदा उलटा रंगवला (नथ सोडून सगळं पुसलं गेलं, तेही वाईट दिसत नव्हतं). मीडियन दोनचा, दाणा, तपकिरी काळा. तसबिरीजवळ धरलं तर शोभतंय चक्क. पट्ट्यांपैकी मधली घेतली. मोर मागे गेला.

मग कॅनव्हासवर एक प्रिंट काढली आणि आजीच्या डब्यातले उरलेले मोती मागितले. कशाला हवेत ते सांगितलं नाही. छापलेल्या नथीवरच सात मोती आणि लाल मणी टाचला. छापात नथ मोठी आलीय, ७ मिलिमीटर, म्हणून मोती जरा विरळ बसले. आजीचा एक डोळा आता जवळजवळ गेलाय. तिने प्रिंट हातात घेतली, उजेडाकडे केली, मग अंगठ्याने चाचपत नाकापर्यंत आली आणि म्हणाली, "लाल मणी मध्ये नाही, मोत्यांच्या खाली असतो. उसव."

उसवलाय. सरप्राइज गेलंच, आता उरलेल्या ११ ती शेजारी बसून तपासणार आहे.

नवा प्रश्न: मोत्यांमुळे नेहमीच्या फ्रेमची काच टेकते आणि मोती दबतात. काच आणि कॅनव्हासमध्ये अर्धा इंच जागा राहील अशी खोलगट फ्रेम नाशिकमध्ये कुणी करून देतं का? मेन रोड आणि भद्रकालीत दोघांनी "काच काढून टाका" सांगितलं. काच काढली तर माजघरातली धूळ मोत्यांवर बसेल, आणि ती झाडायला फिल्टर नाही.


आलं लिंबू:
फुगडी??