मदत हवी आहे: कलर लॅबमधील ऑपरेटरने पुढे कोणते प्रशिक्षण घ्यावे?

नमस्कार. मी बारावीनंतर सांगलीतील एका कलर लॅबमध्ये लागलो आणि आजही तेथेच मिनीलॅब (फोटो छापून रसायनांत धुणारे यंत्र) ऑपरेटर आहे. सुरुवातीला फिल्म धुण्याचे काम होते. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचे (चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे) तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ सव्वातीन मिनिटे. त्यात थोडी जरी चूक झाली तरी अख्ख्या रोलचे रंग बिघडत. आता फिल्म क्वचितच येते, परंतु सकाळी कंट्रोल स्ट्रिप (चाचणीची पट्टी) काढून डेन्सिटोमीटरवर (गडदपणा मोजणाऱ्या उपकरणावर) तपासणे, रसायनांची पातळी राखणे आणि प्रत्येक फोटोची डेन्सिटी (गडदपणा) व रंग नजरेने ठरवणे हे काम चालू आहे. हळदीच्या फोटोंत यंत्र आपोआप पिवळा कमी करते आणि नवरीचा चेहरा निळसर दिसू लागतो. तेथे हाताने दुरुस्ती करावीच लागते.

लग्नसराईनंतर मालक ही मिनीलॅब काढून शाईवर चालणारी ड्राय लॅब घेणार आहेत. तिला रसायने लागत नाहीत, त्यामुळे माणसेही कमी लागतील. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे (पुस्तकासारख्या छापील अल्बमचे) बरेचसे काम डिजिटल प्रेसकडे गेलेच आहे.

आयटीआयमधील डिजिटल फोटोग्राफर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम मी पाहिला, पण त्याचा भर छायाचित्रणावर आहे आणि मला कॅमेऱ्यापेक्षा छपाईच जवळची वाटते. मुद्रण तंत्रज्ञानाची पदविका तीन वर्षांची. घर माझ्या पगारावर चालत असल्याने नोकरी सोडून ती करणे शक्य नाही. म्हणून पॅकेजिंगच्या छापखान्यात प्रूफिंग (छपाईपूर्वी नमुना काढून तपासणे) किंवा कलर मॅनेजमेंटच्या (सर्व यंत्रांवर रंग सारखा राखण्याच्या) कामाला लागावे, असे मनात आहे. रंग पारखण्याचा सराव तेथे उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

या क्षेत्रातील जाणकारांना विनंती आहे की, स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजणारे उपकरण), आयसीसी प्रोफाइल (यंत्र रंग कसे दाखवते याची नोंद असलेली फाइल) आणि प्री-प्रेस (छपाईपूर्वीची तयारी) हे नोकरी सांभाळून कोठे शिकता येईल, ते कृपया सांगावे. पदविका नसलेल्या, पण लॅबचा अनुभव असलेल्या माणसाला कोल्हापूर किंवा पुण्यातील छापखाने घेतात का, आणि घेतलेच तर हेल्पर म्हणून घेतात की ऑपरेटर म्हणून? जुन्या निगेटिव्ह आणि काचेच्या प्लेट स्कॅन करून जतन करण्याचे काम मला फार आवडेल. पुण्या-मुंबईत त्यावर कायमची नोकरी मिळू शकते, की ते कंत्राटी स्वरूपाचेच असते, हेही कोणी अनुभवातून सांगितल्यास आभारी राहीन.