जिंकलेला सामना घालवणाऱ्या प्रशिक्षकाला किती वेळा माफ करायचे?

प्रश्न

7 ऑक्टोबर 2023 रोजी झालेला मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक हा अमेरिकन फुटबॉलचा विद्यापीठ सामना मला अजूनही विसरता येत नाही. मायामी 20-17 अशी पुढे होती, चेंडू आपल्याच ताब्यात होता, टेककडे घड्याळ थांबवायला एकही टाइम-आउट शिल्लक नव्हता आणि घड्याळात 40 पेक्षाही कमी सेकंद उरले होते. पुढची खेळी सुरू करायला संघाला 40 सेकंद मिळतात, त्यामुळे क्वार्टरबॅकने (खेळीची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूने) चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकून खेळी संपवली असती, तरी घड्याळ चालू राहून सामना तिथेच संपला असता. प्रत्यक्षात चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे तो घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, हाती दिला गेला, फंबल झाला (चेंडू हातातून सुटून टेकला मिळाला) आणि टेकने दोन पासमध्ये 74 यार्ड पार करून 23-20 असा विजय मिळवला. मायामीचे मुख्य प्रशिक्षक मारियो क्रिस्टोबल ओरेगन संघाकडे असताना 2018 मध्ये स्टॅनफर्डविरुद्धही शेवटच्या मिनिटात आघाडीवर असताना धावण्याची खेळी केली गेली होती, तेव्हाही फंबल झाला होता आणि जादा वेळेत 38-31 अशी हार पत्करावी लागली होती. एवढे घडून गेल्यावरही संयम बाळगा, असे चाहत्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

प्रतिसाद 1

तुमचा संताप रास्त आहे. मात्र त्या रात्री अनेकांनी सगळे खापर चेंडू सुटलेल्या खेळाडूवर फोडले, ते मला अजिबात पटले नाही. त्याला जी खेळी सांगण्यात आली ती त्याने खेळली. ती खेळी मुळात सांगितलीच जायला नको होती.

प्रतिसाद 2

धोका पत्करणे आणि विचारच न करणे यांत फरक केला पाहिजे. पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनविरुद्ध ओरेगन 33-29 अशी आघाडीवर असताना ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी मैदानाच्या मध्याजवळ, दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ बाकी असताना, पंट न करता (चेंडू लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याला न देता) फोर्थ डाउनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या संधीला, चेंडू ताब्यात ठेवायला लागणाऱ्या तीन यार्डांसाठी प्रयत्न केला. तो फसला आणि ओरेगन 36-33 असे हरले. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो, कारण ते तीन यार्ड मिळाले असते तर सामना जवळजवळ हातात आला असता. मायामीला धावून मिळण्यासारखे काहीच नव्हते.

प्रतिसाद 3

हकालपट्टीची मागणी करण्याआधी करार पाहावेत. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर 2023 मध्ये मुख्य प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा करारानुसार विद्यापीठ त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागत होते. माझी मागणी साधी आहे: घड्याळ आणि टाइम-आउट यांवर लक्ष ठेवणारा एक सहायक असावा आणि मुख्य प्रशिक्षकाला थांबवण्याचा अधिकार त्याला खरोखर दिलेला असावा.

मूळ प्रश्नकर्ता

सहायकाची सूचना मान्य आहे. लॅनिंग यांच्याबाबत मात्र मी सहमत नाही. त्याच सामन्यात त्याआधी दोनदा फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) सोडून केलेले फोर्थ डाउनचे प्रयत्न वाया गेले होते, आणि शेवटी फरक तीनच गुणांचा होता.