भावाने विड्या सोडल्या आणि क्लोझापिन जड जायला लागलं?

मिरजेची_ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय ३४, स्किझोफ्रेनिया. क्लोझापिन सकाळी १०० आणि रात्री २५०. यावर तो चांगला सावरलाय, वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. आषाढीला त्याने विड्या सोडल्या. रोज एक बंडल लागायचं, त्यामुळे घरात आनंदीआनंद. पण आता सकाळी हलवून उठवावं लागतं, उशी लाळेने भिजते, उभा राहिला की झोक जातो. पोटही साफ होत नाही. विडीऐवजी तंबाखू मळतोय.

आई म्हणते, बरा झालाय म्हणून औषध जड जातंय, गोळी अर्धी कर. डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी भेटतील. तोवर काय करू?

कराडचा_जावई

इसबगोल द्या रात्री कोमट पाण्यातून. आणि झोप एवढी येत असेल तर दोन-तीन दिवस रात्रीची गोळी बंदच ठेवा, आपोआप उतरेल.

एसटीवाले_काका

जावईबापू, तुमचे दोन्ही सल्ले या औषधाला चालत नाहीत. खाली लिहितो का ते.

ताई, गोळी मनाने अर्धी करू नका आणि सोमवारची वाटही बघू नका. आजच फोन करा. तुमचे डॉक्टर उचलत नसतील तर त्यांच्या जागी कोण बघतंय ते विचारा. तेही जमलं नाही तर सिव्हिलला मानसोपचारचे डॉक्टर असतात. नुसतं विचारायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, रात्रीही लागतो.

आता कारण. विडीच्या धुरामुळे लिव्हर हे औषध झपाझप संपवतं. धूर बंद झाला की लिव्हरचं ते काम मंदावतं. गोळी तेवढीच राहते, पण आठवडाभरात रक्तातलं औषध दीडपट, कधी त्याहून जास्त होतं. झोप, लाळ, झोक जाणं, सगळं त्यातूनच येतं. फारच वाढलं तर फिट येऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून तंबाखू, मिश्री, निकोटिनचं च्युइंगगम, कशानेच ते भरून निघत नाही. डॉक्टरांना 'तंबाखू चालू आहे' एवढंच सांगाल तर घोटाळा होईल. 'धूर अमुक तारखेपासून बंद' असं सांगा.

आमच्या चिरंजीवाचं उलटं झालं होतं. डोस वॉर्डात बसवलेला आणि वॉर्डात विडीला बंदी. घरी आला, विडी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत आवाज परत यायला लागले. सगळे नातेवाईक म्हणाले गोळ्या थुंकतो. थुंकत नव्हता. औषध धुरात जात होतं.

गोळी बंद ठेवण्याबद्दल. एकदम तोडलं तर आजार उसळतो. शिवाय दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस थेट सुरू करता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो, नाहीतर बीपी आणि नाडी दगा देतात. गावाला जाताना गोळ्या विसरणाऱ्यांनी हे दारावर लिहून ठेवावं.

पोटाचं हलक्यात घेऊ नका. या औषधाने आतड्याची चालच मंदावते. इसबगोलने मळ फुगतो, पण पुढे ढकलणार कोण? दुसरं औषध लागतं, ते डॉक्टरांकडून घ्या. शौचाला झालेलीच नाही, पोट टम्म, उलटी, कळा, यातलं काही असेल तर रात्री दोन वाजताही कॅज्युअल्टी गाठा. यात माणसं दगावलेली आहेत.

औषधवाला_नगर

काउंटरवरून दोन गोष्टी. क्लोझापिनवाल्याला जुलाब किंवा लघवीची जळजळ झाली की गल्लीतले डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून देतात. त्यानेही क्लोझापिन रक्तात वाढतं. प्रत्येक चिठ्ठीबरोबर आधीची चिठ्ठी दाखवा.

दुसरी गोष्ट म्हणजे ताप किंवा घसा दुखणं. पॅरासिटामॉल देऊन गप्प बसू नका, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्या. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी घसरून रुग्ण दगावले होते, तेव्हापासून ही रक्ततपासणी मागे लागलीय. रिपोर्टवर न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतला जंतूंशी लढणारा प्रकार, टक्क्यांत असतात. एकूण पांढऱ्या पेशी ६२०० आणि न्यूट्रोफिल ५८ टक्के, म्हणजे साधारण ३६०० झाल्या. आकडा १५०० च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना कळवा.

मिरजेची_ताई

फोन लागला. डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केलाय. किती ते इथे लिहीत नाही, उगाच कुणी तेवढाच करायला नको. पोटासाठी औषध सांगितलं. उद्या सीबीसी आणि रक्तातली क्लोझापिनची पातळी, सकाळची गोळी घेण्याआधी. चहा किती घेतो हेही विचारलं. विडी सुटल्यापासून किटलीभर चाललाय, आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

एसटीवाले_काका

बरोबर विचारलं. चहा-कॉफीनेही पातळी वाढते. पण एकदम तोडू नका, डोस बदलत असताना तोही हळूहळू कमी करा. आणि भाऊ परत विडीकडे वळला तर आईंना म्हणावं ओरडू नका. आमचा संडासात लपून ओढायचा. खरं सांगितलंच नाही तर डॉक्टर डोस कशावरून ठरवणार?