गाइड पाठ केलं की नागरी समाजशास्त्र सुटतं?

गल्ली नंबर पाच: काल एका भावाने टाकलं, “नागरी समाजशास्त्राच्या पेपरला पुस्तक उघडायचं नाही, गाइडमधले सात प्रश्न पाठ करायचे, बर्जेसची वर्तुळं काढायची, पास.” तेव्हापासून डोकं तापलंय. अरे भो, ती वर्तुळं बर्जेस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने शहर कसं वाढतं ते दाखवायला 1925 ला शिकागो बघून काढलीयेत, मधे धंदा, त्याला लागून पडकी वस्ती, मग कामगार, पैसेवाले पार बाहेर. आता धुळ्यात ये. खाली दुकान, वर शेठचं बिऱ्हाड, पैसा अजून मधेच राहतो. काढ वर्तुळ! बर्जेस थोडक्यात आणि आपलं शहर त्यात का बसत नाही ते सविस्तर, एवढं लिहायला पाठांतर कशाला लागतंय?

सात प्रश्न: पोस्ट माझीच. मागच्या सेमिस्टरला मी ‘आपलं शहर’ चार पानं लिहिलं, मार्क पडले अकरा. मागच्या बाकावरच्याने गाइड जसंच्या तसं उतरवलं, तो फर्स्ट क्लास. पेपर तुम्ही तपासणार असाल तर बोला.

तापीकाठची: मी बाहेरून एमए करतेय, दोन पोरं, नोकरी, गाइड नसतं तर फॉर्मच भरला नसता, त्यामुळे गाइडला नावं ठेवू नका. पण जनगणनेची शहराची व्याख्या काही केल्या डोक्यात बसेना. लोकसंख्या 5000, चौरस किलोमीटरला 400 माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांत 75 टक्के शेतीबाहेर. मग माहेर आठवलं, रावेर तालुक्यातलं. माणूस पाच हजाराच्या वर, ब्युटी पार्लर दोन, पण गडी सगळे केळीत. म्हणून कागदावर खेडं. आता झोपेतही सांगेन.

पांझरा: गल्लीवाले, धुळ्याचं सांगता आणि विश्वेश्वरय्यांचं नाव नाही? शहर त्यांनी आखलंय.

गल्ली नंबर पाच: झालं सुरू. खानदेश इंग्रजांकडे आला 1818 ला, मग कॅप्टन ब्रिग्जने ठाणं धुळ्याला आणलं, नवी पेठ आखली. विश्वेश्वरय्या नोकरीला लागले 1884 ला. जन्माआधीच आखून गेले का? पाण्याचं काम केलं त्यांनी इकडे, ते मोठंच आहे, नाही कोण म्हणतंय.

पांझरा: आमच्या आजोबांनी सांगितलंय. ते खोटं बोलत होते का? आणि तुमचा ब्रिग्ज काय रोज दिवेलागणीला तुमच्या ओट्यावर येऊन बसायचा?

गल्ली नंबर पाच: आजोबांना मधे आणू नका. गॅझेटियर उघडा.

भुसावळकर: तुमचं धुळं राहू द्या हो. शहरी जगण्यावर लिहिणाऱ्या वर्थ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1938 ला लिहिलं, संख्या, दाटी, सरमिसळ वाढली की माणसं वरवरची ओळख ठेवतात. आमच्या रेल्वे क्वार्टरात तमिळ, बंगाली, बिहारी, आपले लेवा पाटील, सगळे भिंतीला भिंत लावून. मी बारावीत नापास झालो तर वडील ड्यूटीवरून घरी यायच्या आत त्यांना लोको शेडमधे कळलेलं. कसली वरवरची ओळख, पट्टा तयार ठेवूनच आले.

पांझरा: विषय धुळ्याचा चाललाय, भुसावळचा नाही.

तापीकाठची: दादा, विषय परीक्षेचा होता.

सात प्रश्न: बरं बाबांनो, तुम्ही शहाणे. केळीचं आणि लोको शेडचं लिहून घेतलंय, मंगळवारी पेपर आहे, परत अकराच पडले तर इथेच येऊन बोंबलेन. आणि ब्रिग्ज की विश्वेश्वरय्या ते ठरलं की कळवा, गाइडात दोघंही नाहीत.