‘प्रजननक्षमता’ घटली म्हणजे नेमकं काय घटलं?

कृष्णाकाठ (कराड तालुका)

परवा ११ जुलै, जागतिक लोकसंख्या दिन. शाळेच्या दर्शनी फळ्यावर त्या दिवसाची माहिती दरवर्षी मीच लिहिते. यंदा एका वर्तमानपत्राचं कात्रण समोर ठेवून काल लिहिलं, ‘भारतीय महिलांची प्रजननक्षमता घसरून २.० वर.’

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडून झाल्यावर पदराला हात पुसत फळ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. अक्षराला अक्षर जोडत सगळं वाचलं. मग हळूच मला म्हणाल्या, "बाई, समद्याच बायकांची ताकद कमी झालीया व्हय? ह्या फवारणीच्या औषधानंच आसंल. आन् आमी एकट्या सुनंलाच बोल लावतोय."

त्यांच्या सुनेच्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. घरात काय काय चाललं असेल ते मला त्या एका वाक्यात कळलं. मी डस्टर घेतलं आणि ओळ पुसली. ‘तसं नाही मावशी,’ एवढंच बोलता आलं. ‘तसं नाही’ तर मग कसं, ते त्यांना समजेल अशा मराठीत मला सांगता आलं नाही.

कात्रणातला शब्द चुकीचा आहे का? असेल तर बरोबर शब्द कोणता? प्रजनन दर, जननदर, जन्मदर, सगळे वाचनात येतात. फळ्यावर काय लिहू?

आकडेमोड (सातारा)

ताई, शब्द चुकीचाच आहे, आणि चूक लहान नाही. ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्रजीत फर्टिलिटी आणि फेकंडिटी असे दोन शब्द आहेत. लोकसंख्याशास्त्रात फर्टिलिटी म्हणजे प्रत्यक्षात झालेली मुलं, आणि फेकंडिटी म्हणजे मूल होण्याची शरीराची क्षमता. डॉक्टर मात्र फर्टिलिटी हा शब्द क्षमतेसाठी वापरतात आणि घोटाळा तिथे सुरू होतो. बातमी लिहिणाऱ्याला दवाखान्याच्या पाटीवरचा अर्थ माहीत असतो, तोच तो आकड्याला चिकटवतो. फ्रेंचमध्ये तर हे दोन शब्द नेमके उलट अर्थांनी वापरतात, तेव्हा गफलत फक्त आपलीच होते असं नाही. पण फ्रेंच माणूस निदान आपल्या भाषेपुरता ठाम असतो. आपण एकाच बातमीत वर ‘क्षमता’ आणि खाली ‘दर’ लिहितो.

२.० हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला, २०१९ ते २१ चा. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत तो ३.४ होता. महाराष्ट्राचा पाचव्या फेरीत १.७ होता. या आकड्याचा अर्थ असा, की आज ज्या ज्या वयाच्या बायकांना जेवढी मुलं होताहेत तेच प्रमाण कायम राहिलं, तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी इतकी मुलं होतील. तिच्या शरीरात किती बळ आहे, याच्याशी या आकड्याला काही देणंघेणं नाही. दोन मुलांवर शस्त्रक्रिया करून घेणारी बाई पूर्ण धडधाकट असते आणि हा आकडा खाली आणते. उशिरा लग्न करणारी, पाळणा लांबवणारी, एकावर थांबणारी, या सगळ्याजणींनी मिळून तो ३.४ वरून २.० वर आणला. ‘क्षमता घटली’ म्हटलं की त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय पुसला जातो आणि त्याच्या जागी एक आजार उभा राहतो. मला याचा राग येतो, खरंच येतो.

म्हणून ‘एकूण जननदर’ लिहा.

आणि ‘जन्मदर’ वेगळा बरं का. तो दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती जन्म झाले ते सांगतो. भारताचा २०२० चा जन्मदर १९.५ होता आणि त्याच वर्षीचा जननदर २.०. दोन्हींना जन्मदर म्हटलं की वाचणारा म्हणणार, एका वर्षात साडेएकोणीसवरून दोनावर आला की काय!

माळावरची (खटाव)

एक भर. ‘प्रजनन’ म्हटलं की आमच्याकडे जनावरांचा दवाखानाच डोळ्यांपुढे येतो. गाईम्हशींच्या तपासणीच्या शिबिराच्या पाट्यांवर तो शब्द असतो. बाईमाणसाच्या बाबतीत तो कानाला बोचतो. ‘जनन’ त्या मानानं सौम्य आहे, ‘मुलं होणं’ सगळ्यात चांगलं.

शब्दानं बाईला किती लागतं, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. एकीपाठोपाठ एक मुली झाल्या की पुढचा मुलगा व्हावा म्हणून ‘नकुशी’ नाव ठेवायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली गेली, तेव्हा त्या पोरींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं होतं. हाक मारायचा शब्द बदलता येतो, तर फळ्यावरचा का नाही?

गलाईच्या गावचा (विटा)

आकडेमोड सरांचं पटलं. पण बातमीत ‘साताऱ्याची, सांगलीची लोकसंख्यावाढ घटली’ असं आलं की सगळे लगेच मुलांच्याच संख्येकडे बघतात, तेही अर्धवट आहे. माणसं येतात आणि जातात, त्याचं काय?

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्हा ३०,०३,७४१ आणि सांगली २८,२२,१४३. त्याआधीच्या दहा वर्षांत महाराष्ट्र जवळजवळ १६ टक्के वाढला, सांगली ९ टक्क्यांच्या थोडं वर, सातारा ७ च्या आत. घाट उतरून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेलात तर वाढ चक्क उणे. तिथे काही पोरं जन्मायची थांबली नव्हती, जन्मलेली मुंबईला गेली होती.

यासाठी पुस्तकी शब्द ‘स्थलांतर’. आमच्या भागात तो कुणी बोलत नाही. माण, खटाव, आटपाडीकडे म्हणतात ‘जगायला गेली’. "त्यांचं घर कुठलं? अवो ती जगायला गेली की, धा वर्सं झाली." या क्रियापदात कारण आहे, दुष्काळ आहे, आणि परत यायची आशाही आहे. ‘परागंदा’ वेगळा. त्यात नाइलाज आणि तोंड लपवणं आलं, मागे राहिलेल्यांना पत्ता नसतो. जगायला गेलेला माणूस यात्रेला हमखास येतो. आणि आमच्या गलाईवाल्यांना यातलं काहीच लागू होत नाही. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा घेऊन खानापूर-आटपाडीची माणसं देशातल्या गावोगावच्या सराफ पेठांत जाऊन बसली. त्यांच्याबद्दल "दुकानावर असतो" एवढंच म्हणतात. कुठल्या राज्यातल्या दुकानावर, ते पुढचा विचारतो.

यात्रेत आमच्या आळीत पाय ठेवायला जागा नसते. माणसं मोजायला आले तेव्हा त्याच आळीत मी स्वतः त्या गुरुजींबरोबर फिरलो होतो. अकरा दारं, सातांना कुलूप. एका कुलपाला गंज चढू नये म्हणून शेजारणीनं प्लास्टिकची पिशवी बांधली होती. गुरुजींनी पिशवी हातानं जरा बाजूला केली, पुन्हा नीट बसवली आणि वहीत ‘बंद’ लिहिलं.

म्हणून मला ‘खानेसुमारी’ हा जुना शब्द आवडतो. फारसीत खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. आपलं ‘बेसुमार’ आणि ‘सुमारे’ त्याच घरातले. शिरगणतीत डोकी मोजतात, खानेसुमारीत घरं. आमची पद्धत तीच, गाव दोनशे उंबऱ्यांचं म्हणतात. पण आता उंबरे दोनशे आणि माणसं तीनशे, अशी गावं झाली. दोन्ही शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, दोन्ही लागतील. येणाऱ्या जनगणनेतही आधी घरांची यादी आहे आणि मग माणसांची मोजणी, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७.

कृष्णाकाठ

सर, ‘एकूण जननदर’ घेतला. दादा, तुमची ती कुलपावरची पिशवी डोळ्यांपुढून हलत नाही.

पण आज मुलांपुढे बोलताना नवीच अडचण आली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, दोघांना दोनच मुलं तर लोकसंख्या तेवढीच राहिली ना? मग आपण चीनच्या पुढे कसे गेलो?" पुस्तकात त्याला ‘लोकसंख्येचा संवेग’ म्हटलंय. संवेग तिला अजून विज्ञानातही आलेला नाही.

आयर्विनची पट्टी (सांगली)

ताई, तिला पुराचं सांगा. आपल्याकडच्या पोराला ते शिकवावं लागत नाही.

कोयनेच्या पाणलोटात पाऊस उघडतो. सांगलीत ऊन पडतं. तरी आयर्विन पुलापाशी पाणी चढतच असतं, कारण वरून सुटलेलं पाणी अजून वाटेत असतं. सांगलीकर अशा वेळी आभाळाकडे बघत नाही, पट्टीवरचे फूट बघतो. तसंच हे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरटी मुलं जास्त होती, त्या मुली आज आई व्हायच्या वयात आल्यात. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आयाच संख्येनं जास्त, म्हणून पाळणेही जास्त. त्यात माणसं पूर्वीपेक्षा जास्त जगतात. एप्रिल २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं ते या वाटेतल्या पाण्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजात भारताचं पाणी २०६० नंतरच्या काही वर्षांत सुमारे १७० कोटींवर ठरतं आणि जगाचं २०८० च्या दशकात, १० अब्ज ३० कोटींच्या आसपास.

आमच्याकडे पाणी वाढायचं थांबलं, पण अजून उतरत नाही, त्या अवस्थेला ‘पाणी ठरलं’ म्हणतात. लोकसंख्या ‘स्थिरावली’ ऐवजी मी ‘ठरली’ म्हणेन. आणि ‘संवेग’ ऐवजी ‘रेटा’. लोकसंख्येचा रेटा.

‘वाढ घटली’ आणि ‘लोकसंख्या घटली’ यांतला फरकही याच पट्टीवर दाखवता येतो. तासाला फूटभर चढणारं पाणी चार इंचांनी चढू लागलं, तर वेग घटला, पाणी नाही. जग आज तिथे आहे. १९६० च्या दशकात वर्षाला दोन टक्क्यांच्या वर वाढत होतं, आता एका टक्क्याच्या आत. पाणी खरोखर उतरतंय ते जपानमध्ये, आणि २०२२ पासून चीनमध्ये.

माळावरची

रेटा छान! मग ‘लोकसंख्येचा लाभांश’ याचंही बघा कुणीतरी. आमच्याकडे लाभांश म्हणजे सोसायटीचा, पतसंस्थेचा. सभासद झालं की दरवर्षी घरबसल्या खात्यात येणारा. हा लाभांश तसा नाही. कमावत्या वयाची माणसं जास्त आणि खाणारी तोंडं कमी, अशी वेळ देशाला वारंवार मिळत नाही. जपानमध्ये कमावत्या वयाच्या माणसांची संख्या १९९५ मध्ये शिखरावर होती, तेव्हापासून ती कमीच होत गेली.

शेतकऱ्याकडे यासाठी शब्द आहे, वापसा. पाऊस उघडून रान ना चिखल ना कोरडं, पेरायला बरोब्बर. चार दिवस असतो. त्यात पाभर नाही चालली तर रान वाळतं. लोकसंख्येचा वापसा म्हटलं तर माझ्या वडिलांना लगेच कळेल, आणि घाई कशाची तेही कळेल.

आकडेमोड

वापसा! चाळीस मिनिटांचा तास घेऊन मी जे सांगत होतो ते एका शब्दात आलं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र मुलांनी ‘लाभांश’च लिहावा, नाहीतर गुण जातील. घरी, सभेत, फळ्यावर वापसा.

कृष्णाकाठ

उद्या सकाळी लिहायचंय. आता फक्त एक राहिलंय, २.१. पुस्तकात ‘प्रतिस्थापन पातळी’. आईबापांच्या जागी दोन मुलं आली की पिढी तेवढीच राहते, आणि वरचा दशांश यासाठी की काही मुलं मोठी होण्याआधी जातात, शिवाय जन्मताना मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त असतात. हे मला कळलं, पण शब्द सापडत नाही. ‘भरपाई’ म्हटलं तर पीकविमा आठवतो.

गलाईच्या गावचा

‘पिढी राखणारा दर’ लिहा. आपल्याकडे बी राखतात, घर राखतात.

कृष्णाकाठ

दादा, ‘राखणारा’ घेतला.

फळा झाला. पहिली ओळ अशी आहे: ‘आपल्या देशात आता एका बाईला सरासरी दोन मुलं होतात. ३० वर्षांपूर्वी तीन ते चार होत. लग्नं उशिरा होऊ लागली, मुली शिकू लागल्या आणि घरं दोनावर थांबू लागली, म्हणून.’ त्याखाली बारीक अक्षरात, कंसात, ‘एकूण जननदर २.०, पिढी राखणारा दर २.१.’

मावशींना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी दोनदा वाचलं. "म्हंजी ह्यात ताकदीचं काय न्हाईच," म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, कराडला सुनेला कोणत्या दवाखान्यात दाखवू, आणि पोरालाही तपासतात का. मी म्हटलं, दोघांनाही तपासतात, आधी दोघांनीही जायचं. शनिवारी मी बरोबर जाणार आहे.