आवडत्या बँडच्या मागे गावोगाव जायचंय: सल्ला हवा

पूर्वमुलुंड
नमस्कार मंडळी.
दिल्लीचा इंडियन ओशन हा माझा बँड. कॉलेजात असताना त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम हाती लागला आणि तेव्हापासून सुटलेला नाही. मुंबईत त्यांचा कार्यक्रम असला की मी जातेच. या हिवाळ्यात मात्र ते जिथे वाजवतील तिथे, निदान जमेल तितक्या गावी, मागोमाग जायचं ठरवलंय. लेक पुढच्या वर्षी दहावीला आहे, म्हणजे जे काय करायचं ते याच मोसमात. नोकरी बँकेतली, त्यामुळे सलग रजा नाही. शनिवार-रविवार आणि जोडून एखादा दिवस. नवऱ्याला या संगीतात गोडी नाही, तेव्हा एकटीच जाणार.

घरात आणि ऑफिसात सगळे एकच विचारतात, तीच गाणी पुन्हा पुन्हा कशाला ऐकायची? ज्यांनी त्यांचं 'मा रेवा' हे गाणं दोन वेगळ्या रात्री ऐकलंय त्यांना हा प्रश्न पडणार नाही. मधला भाग कुठे जाईल, किती वेळ जाईल, त्या रात्रीवर असतं. शिवाय हा बँड माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेला. गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती २००९ मध्ये वारले, गिटारवादक सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. आज जे पाच जण एकत्र वाजवतायत त्यांना आजच ऐकायला हवं असं मला फार वाटतं.

तर विचारायचंय ते असं: कुठल्या प्रकारचे शो निवडू? रात्री शो संपल्यावर परतीचं काय करता? स्टेजपुढच्या कठड्याला उभं राहावं की मागे? आणि खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये?

धोबीतलाव
ताई, आधी एक सांगतो. गावं मोजू नका, जागा मोजा. मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली अशा चारही ठिकाणी तुम्ही मैदानातलेच शो पाहिलेत तर चार वेळा जवळजवळ एकच शो पाहाल. तोच बँड बंद नाट्यगृहात, क्लबमध्ये, कॉलेजच्या महोत्सवात आणि उघड्या मैदानात वेगवेगळा वाजवतो. मैदानात सात-आठ बँड रांगेत असतात, प्रत्येकाला वेळ बांधून दिलेली, त्यामुळे गाजलेली गाणी पटापट होतात. नाट्यगृहात संध्याकाळ त्यांचीच असते. तिथे ते बोलतात, गाण्यामागची गोष्ट सांगतात. 'मा रेवा' बँडचे बेस गिटारवादक-गायक राहुल राम यांनी नर्मदा बचाव आंदोलनात काम करताना खोऱ्यातून उचललेलं, हे मी त्यांच्याच तोंडून एका बसून ऐकायच्या कार्यक्रमात ऐकलं. मैदानात एवढी उसंत कुठली.

म्हणून माझा क्रम असा: पहिलं नाट्यगृह, मग क्लब, मग कॉलेज, शेवटी मोठा महोत्सव. कॉलेजचं मात्र आधी विचारून घ्या. पवईच्या आयआयटीतल्या मूड इंडिगो महोत्सवासारख्या ठिकाणी आधी नोंदणी लागते आणि कॉलेजचं ओळखपत्र मागतात, बाहेरच्यांना आत सोडतात की नाही ते त्या त्या वर्षी पाहावं लागतं.

मी रंगभवन या खुल्या नाट्यगृहात वाढलेला माणूस. १९८६ मध्ये तिथे इंडिपेंडन्स रॉक (आय-रॉक) हा रॉक महोत्सव सुरू झाला. धोबी तलावाला उतरायचं, दुपारपासून रांग लावायची, दगडी पायऱ्यांवर बसायचं आणि रात्री चर्चगेटपर्यंत गात जायचं. ती जागा कॉलेज आणि रुग्णालयांच्या शेजारामुळे शांतता क्षेत्रात गेली आणि तिथला रॉक बंद झाला. आय-रॉक २०२२ मध्ये परत आला तेव्हा माझगावला गेलो, आनंद झाला, पण रंगभवनाच्या पायऱ्या त्या पायऱ्या. मुंबईने बँडसाठी मधल्या आकाराच्या जागा राखल्याच नाहीत. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लबही २०१६ मध्ये बंद झाला. म्हणूनच तुम्ही बाहेरगावी जाताय ते मला शंभर टक्के पटतं.

परतीबद्दल: उघड्यावरचा कार्यक्रम रात्री दहाला थांबतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार सणासुदीला वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सवलत देतं, पण त्यावर विसंबू नका. याचा फायदा असा की महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून किंवा नेरूळच्या डी. वाय. पाटीलवरून लोकल आरामात मिळते. गर्दी मात्र एकदम स्टेशनात येते. जायच्या वेळीच परतीचं तिकीट काढून ठेवा किंवा मोबाइलवर ठेवा.

कन्सोल
ध्वनी हा माझा धंदा आहे, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. थोडं लांबेल.

कठड्याला उभं राहिलात तर तुम्हाला माणसं दिसतात, संगीत नीट ऐकू येत नाही. मोठे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे फेकत असतात. समोर जे पोचतं ते स्टेजवरचे मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर), ड्रमचा थेट आवाज आणि पायाखालून येणारा बेस. गायकाचा आवाज त्यात बुडतो. ज्या माणसाच्या हातात मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ, असतो तो मैदानाच्या मध्यावर, आवाज नियंत्रित करायच्या डेस्कच्या मागे उभा असतो. तो त्याला जे ऐकू येतं त्यावरून समतोल साधतो. म्हणून डेस्कच्या थोडं पुढे, मधल्या रेषेवर उभं राहा. नाट्यगृहात असाल तर मधल्या रांगा घ्या, बाल्कनीखालच्या खुर्च्या टाळा. बाल्कनीखाली वरचे स्वर दबतात आणि बेस साचतो.

इंडियन ओशनच्या बाबतीत हे जास्त लागू. त्यांच्यात तबला आहे, अमित किलम गबगुबी हे तंतूवरचं लोकवाद्य वाजवतात, बेस गिटार आहे, आणि ड्रमही आहेत. तबल्याची चाटी (कड) आणि मैदान (कड आणि शाई यांच्यामधला भाग) वेगळं ऐकू आलं तरच त्यांच्या लयीचा खेळ कळतो. ड्रमच्या जोरदार आवाजाशेजारी तबल्याचा माइक सांभाळणं ही आमच्या धंद्यातली अवघड गोष्ट आहे. ज्या रात्री ते जमतं त्या रात्री मागे उभं राहून ऐका, अंगावर काटा येतो.

एक शो मात्र अगदी पुढे उभं राहून बघा. हात बघायला. दोघातिघांनी एकमेकांकडे पाहून गाणं कुठे वळवलं ते तिथूनच दिसतं.

आणि कान. हे कृपा करून टाळू नका. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला सुमारे १५ मिनिटं. रॉकच्या मैदानात स्पीकरजवळ १०० सहज ओलांडतात. तुम्ही एक नाही, मोसमभर शो ऐकणार आहात. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे सगळे वरचे स्वर खातात, आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो. वादकांसाठी मिळतात ते फिल्टर लावलेले प्लग घ्या, सगळे स्वर सारखे कमी होतात. रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशीचा शो सोडा.

पेठेतला
पुण्याचं मी सांगतो. डेक्कन क्वीनच्या मोहात पडू नका. ती सीएसएमटीहून संध्याकाळी पाचनंतर सुटते आणि साडेआठच्या आसपास पुण्यात, तोवर निम्मा शो गेलेला. सकाळी इंद्रायणी किंवा डेक्कन एक्स्प्रेस धरा. दुपारी जेवून, थोडं झोपून ताज्या मनाने जा. परतीला मात्र क्वीनच, सकाळी सव्वासातला पुण्याहून. रात्रीच निघायचं असेल तर दादरच्या शिवनेरी बस बघा, पण रात्री घाटातून एकटीने परतण्यापेक्षा स्टेशनजवळ खोली घेऊन राहिलेलं मला बरं वाटतं.

खिडकीजवळची
एकटीने फिरणारी म्हणून लिहिते. मी ठुमरी-दादऱ्याच्या मैफलींना गावोगाव जाते, रॉकचं मला काही कळत नाही, पण रात्रीचे प्रश्न तेच.

मुक्काम कार्यक्रमाच्या जागेपासून चालत जाता येईल एवढा जवळ घ्या. इथेच पैसे वाचवू नका. रात्री साडेदहाला पाच हजार माणसं एकदम बाहेर पडतात तेव्हा टॅक्सीचे दर चढतात आणि चालक येतोय म्हणून येत नाही. जवळचं साधं लॉज लांबच्या चांगल्या हॉटेलपेक्षा बरं. रिसेप्शनला कोणी जागं असतं का, हे फोन करून विचारते मी. संध्याकाळी जाताना रस्ता एकदा पायी तपासायचा, दिवे कुठे आहेत, दुकानं किती वाजता बंद होतात. घरी एका माणसाला रोजचा पत्ता. आणि मैफलीत शेजारी बसलेल्या बायकांशी मध्यंतरात बोलायचं. माझ्या निम्म्या मैत्रिणी अशाच झाल्या.

खर्च वाचवायचा तर रेल्वेत. आता आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. शोची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी दोन्हीकडचं काढून टाका, रद्द करायचं तर थोडे पैसे कापले जातील. तत्काळ राहिलंच, एसीचं आदल्या दिवशी सकाळी दहाला, बाकीचं अकराला.

एडी_भक्त
मी आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा चाहता. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी आपला जगदौरा आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातून (बीकेसी) सुरू केला, त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत सगळ्यांना घेऊन आला, आणि मी त्या मैदानात होतो. त्यानंतर मी ठरवलं की हा बँड माझ्याकडे येईल याची वाट पाहायची नाही.

तुमचा बँड देशातलाच आहे हे तुमचं भाग्य. पण पुढे कोणी परदेशी बँडमागे जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. आधी त्या बँडच्या मागच्या आठवड्याच्या सेटलिस्ट, म्हणजे शोमधल्या गाण्यांच्या याद्या, नेटवर बघा. मेडन एका दौऱ्यात जवळजवळ तीच गाणी त्याच क्रमाने वाजवतात, तेव्हा दोन शो पुरे. पर्ल जॅम हा अमेरिकी बँड रोज यादी बदलतो, तिथे आठवडाभर मागे फिरण्यात अर्थ आहे. फॅन क्लबचं सदस्यत्व आधी घ्या, तिकीट खुलं व्हायच्या आधी तुम्हाला संधी मिळते. आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तिकीट हातात आलं की लगेच करा.

फोन खिशात ठेवा. मेडनने आपल्या चाहत्यांना हे जाहीरपणे विनवलं आहे आणि ते बरोबर आहे.

पूर्वमुलुंड
मंडळी, एवढं मनापासून लिहिलंत, सगळं वहीत उतरवून घेतलं. कन्सोल, प्लग आजच मागवले.

दोन गोष्टी आणखी विचारते. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग केलेलं चालतं का? म्हणजे फक्त स्वतःसाठी, दोन शोमधला फरक नंतर ऐकायला. आणि शो संपल्यावर वादकांना भेटायला थांबावं का? मला भेटायचं आहे, पण त्यांना त्रास होईल असं नको.

धोबीतलाव
रेकॉर्डिंगचं आयोजकांना किंवा बँडच्या माणसांना विचारा, नाही म्हणाले तर नाही. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ मध्ये आपल्या मैदानात रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच आखून दिली होती, आणि त्या टेप हातोहात फिरून बँडचं नाव झालं. प्रत्येक बँडची ती वृत्ती असेल असं नाही. इंडियन ओशनचा १९९७ चा 'डेझर्ट रेन' हा अल्बमही प्रत्यक्ष कार्यक्रमात, नाटककार सफदर हाश्मी यांच्या स्मृतिदिनाला रेकॉर्ड झालेला आहे, तो ऐका आणि आजच्या शोशी ताडून बघा; तुम्हाला हवा तो फरक तिथेही सापडेल. बाकी वही उत्तम. गाण्याचा क्रम, कुठे कोणी लांबवलं, कुठे तबला पुढे आला, हे त्याच रात्री झोपायच्या आधी लिहायचं. सकाळपर्यंत निम्मं जातं.

भेटायचं असेल तर शोआधी नको, तो त्यांचा साउंडचेकचा वेळ. शोनंतर सामान बांधून होईपर्यंत थांबा. जिथे टी-शर्ट, सीडी विकायला ठेवतात तिथे बहुधा कोणीतरी येतंच. काहीतरी विकत घ्या, कारण अशा बँडांचं पोट कार्यक्रम आणि या टेबलावरच्या विक्रीवर असतं, ऑनलाइन ऐकण्याचे पैसे फार तुटपुंजे. एक नेमकी गोष्ट सांगा, जी तुम्हाला त्या रात्री भावली. आणि मग निघा. रांगेत अजून माणसं असतात.

कन्सोल
धोबीतलाव यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझी भर: डेस्कवरच्या माणसालाही जाता जाता "तबला छान ऐकू आला" म्हणा. त्याला कोणी कधीच काही म्हणत नाही.

पूर्वमुलुंड
ठरलं असं. पुण्यात नाट्यगृहातला शो पहिला, सकाळच्या इंद्रायणीने जाऊन मुक्काम स्टेशनजवळ, परत डेक्कन क्वीनने. मग बंगळूरचा क्लब, जाताना विमान, येताना उद्यान एक्स्प्रेस, म्हणजे चोवीस तास वही लिहायला मिळतील. दिल्लीचं त्यांच्या घरचं मैदान मला हवंच आहे, तिथे राजधानीने. मुंबईतला जो होईल तो लेकीला घेऊन, डेस्कच्या पुढे मधल्या रेषेवर.

पेठेतला, पुण्यात स्टेशनजवळ एकट्या बाईला चालेल असं साधं, स्वच्छ लॉज माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि त्या दिवशी दुपारी जेवायला कुठे जावं तेही.

पेठेतला
कळवतो. दुपारी जेवायला आमच्याकडेच या, बायकोने आत्ताच सांगितलंय. तीही शोला येणार आहे.