मदत हवी आहे : गिरणीचा मीटर ३३ टक्के हळू, वीज कायद्याच्या कलम १२६ (अनधिकृत वीजवापर) ची नोटीस

आमच्या पिठाच्या गिरणीचा थ्री-फेज मीटर भरारी पथकाने तपासला. तीन फेजपैकी बी-फेजचं टर्मिनल (तार जोडायची जागा) जळून काळं पडलंय, त्यामुळे नोंद ३३ टक्के कमी. सगळी सीलं शाबूत, तसं पंचनाम्यातही लिहिलंय. तरी कलम १२६ खाली तात्पुरती आकारणी आली : पूर्ण १२ महिने, दुप्पट दराने! चोरीचं कलम १३५ लावलेलं नाही, एफआयआरही नाही. कनेक्शन वडिलांच्या नावावर, थकबाकी शून्य, वीज चालू आहे.

उपविभागात तोंडी विचारलं, तर ‘आधी पैसे भरा, मग बघू’. ग्राहक तक्रार मंचाने १२६ चं प्रकरण घेत नाही म्हणून परत पाठवलं. अंतिम आदेश ३० दिवसांत काढायचा असतो, त्याआधी लेखी हरकत द्यायची आहे, तेवढं ठाऊक आहे. वकील करणारच, पण हरकत आधी नीट जायला हवी.

मीटरच्या मेमरीत त्या फेजचं व्होल्टेज कधी गेलं याची तारीख असते ना? तो डेटा आणि माझ्यासमोर लॅब टेस्ट हरकतीतच मागायची की वेगळा अर्ज लागतो? आणि छेडछाड नसेल, तर सदोष मीटर धरून आकारणी तीन महिन्यांवर आणून घेतलेलं कुणी आहे का इथे?